तीन करडे शब्द

अण्णांनी कोशाचा शेवटचा शब्द टाइप केला, खाली 'समाप्त' लिहिलं, रुमालाने हात पुसले आणि खुर्ची जरा मागे घेऊन ते स्क्रीनकडे बघत बसले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. चहा आला, त्यावर साय धरली, तरी अण्णा हलेनात. शेवटी लेकीने विचारलं, "अण्णा, काय बघताय एवढं?"

"काळा व्हायची वाट बघतोय," अण्णा म्हणाले.

बाहेरच्या खोलीत जावई बूट काढत होता. हे ऐकलं आणि त्याचा एक पाय बुटात तसाच राहिला.

जावयाची थोडी ओळख करून द्यायला हवी. तो एका कंपनीत अकरा वर्षं कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहीत होता. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालणारे, माथ्यावर मेन्यूची पट्टी असलेले, जुन्या वळणाचे प्रोग्राम. अकरा वर्षांत त्याच्या पदरी काय पडलं, तर 'ठीक आहे' आणि 'रद्द करा' ही दोन बटणं कुठे बसवावीत याचा गाढा अनुभव. त्यामुळे त्याच्याकडेच राहणाऱ्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतर छापखान्यातल्या शब्दांचा कोश लिहायचं मनावर घेतलं, तेव्हा जावयाच्या अंगात आलं. "बाजारातलं काही वापरायचं नाही, अण्णा. मी तुमच्यासाठी खास प्रोग्राम करतो. आतून-बाहेरून मराठी. इंग्रजीचं एक अक्षर सापडलं तर नाव बदलीन." नाव बदलायची वेळ आली नाही. नाव जायची मात्र आली, आणि ती कशी आली तेच सांगायचं आहे.

अण्णा अडतीस वर्षं कंपोझिटर होते. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, उचलून ओळ जुळवायची, तीही उलटी. अशा माणसाच्या हातात मेन्यू दिल्यावर तो काय सोडणार? प्रत्येक शब्द त्यांनी स्वतः निवडून, तपासून दिला. छपाईसाठी जावयाने 'छापा' असा सुटसुटीत शब्द सुचवला, तर अण्णा म्हणाले, "छापा पोलीस घालतात." मग तीन ओळी ठरल्या: 'मुद्रित करा', 'मुद्रित पान आधी पाहा' आणि 'मुद्रित पानाची मांडणी'.

मेन्यूतले बाकीचे शब्द ठसठशीत काळे होते. हे तीन पहिल्या दिवसापासून करडे. करडा शब्द दिसतो, पण दाबला तर दाद देत नाही. त्यामागचं गणित साधं आहे. मेन्यू उघडला की प्रोग्राम एकेक ओळ घेऊन आतल्या यादीत विचारून येतो, की या नावाचं काम करणारा कोणी आहे का? कोणी 'आहे' म्हटलं तर शब्द काळा. कोणीच हूं की चूं केलं नाही तर करडा. या तिघांना आतून कोणी ओ देत नव्हतं. का देत नव्हतं ते जावयाला कळलं नव्हतं, पण पाच मिनिटांचं काम आहे, नंतर बघू, असं त्याने ठरवलं होतं. हे ठरवून तीन वर्षं झाली होती.

त्याच वेळी खरं सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण अण्णांनी पहिल्या आठवड्यात विचारलं तेव्हा जावई जेवत होता. बायको समोर होती. भरल्या तोंडाने तो म्हणून गेला, "ते मुद्दाम ठेवलंय, अण्णा. पुस्तक पूर्ण झालं की प्रोग्रामला आपोआप कळतं. मग ते शब्द काळे होतात."

अण्णांनी घास खाली ठेवला होता. "कळतं?"

"कळतं."

पुढची तीन वर्षं अण्णांनी हे भेटेल त्याला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं, बँकेच्या रांगेत सांगितलं, आणि सगळ्यांत जास्त वेळा मुद्रितशोधक काकांना सांगितलं. हे काका म्हणजे छापखान्यात अण्णांच्या समोरच्या टेबलावर तितकीच वर्षं बसलेले गृहस्थ. अण्णांनी जुळवायचं, काकांनी कच्च्या छपाईवर लाल पेन्सिलीने चुका काढायच्या, आणि संध्याकाळी दोघांनी एकमेकांवर रागावून सोबतच घरी चालत जायचं. अशी अडतीस वर्षं गेल्यावर मैत्री झाली नसती तरच नवल.

आता काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी होतं. नंतर किती दिसेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. स्क्रीनकडे बघायची सक्त मनाई होती. काकांचं म्हणणं एवढंच होतं: "तुझं पुस्तक दुसरा कोणी तपासणार असेल तर ते छापूच नकोस. मला कागदावर दे. शुक्रवारच्या आत." शुक्रवारला नऊ दिवस होते.

पहिल्या दिवशी जावई ऑफिसला जायच्या आधी तासभर प्रोग्राम उघडून बसला. पाच मिनिटांचं काम पाऊण तासात झालं नाही, तेव्हा त्याला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला, तर अण्णा पुन्हा टाइप करत होते.

"कोश संपला होता ना, अण्णा?"

"मलाही तसंच वाटलं होतं," अण्णा जरा ओशाळून म्हणाले. "पण तो काळा होत नाही, म्हणजे काहीतरी राहिलंय. विचार केला तर खरंच राहिलं होतं. चौदा शब्द निघाले बघा." आणि त्यांनी कॉम्प्युटरकडे कौतुकाने पाहिलं. एवढ्या जुन्या कारागिराची चूक काढणारं यंत्र जावयाने केलं, याचं ते कौतुक होतं.

जावयाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चौदाचे चोवीस होण्याआधी काहीतरी करायला हवं होतं. सरळ माणसाने खरं सांगितलं असतं. जावई म्हणाला, "पुस्तक पूर्ण आहे हो, अण्णा. हा प्रिंटरचा घोटाळा दिसतोय."

रात्रीच्या जेवणाआधी बायकोने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, एवढं कशाला? सगळा मजकूर उचल, ऑफिसात वापरता त्या प्रोग्राममध्ये टाक आणि छाप."

"त्यात मांडणी बिघडेल."

"मांडणी बिघडेल की तुझं तोंड?"

तिने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं, म्हणूनच जावयाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या प्रोग्रामातून छापणं म्हणजे आपला नापास झाला हे घरात जाहीर करणं. त्यापेक्षा प्रिंटर नापास झालेला बरा, असा हिशेब त्याने केला. आपण एका म्हाताऱ्या माणसाचे दिवस खर्च करतोय हे त्याला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणून तो बायकोकडे न बघता ताटं मांडायला लागला.

तिसऱ्या दिवशी त्याने इंटरनेटवर, प्रोग्राम लिहिणारे एकमेकांना अडचणी विचारतात अशा जागी, खोट्या नावाने प्रश्न टाकला: 'छपाईचे तिन्ही मेन्यू तीन वर्षं करडे आहेत, काय करावे?' दुपारी चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसत आला. "आज एका महाभागाने काय विचारलंय माहितीये? म्हणे मेन्यू करडा आहे! तीन वर्षं करडा आहे आणि याला आज जाग आली!" सगळे हसले. आपल्यावर संशय नको म्हणून जावई सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि मग हातातला चहा त्याला पिववेना.

आता प्रिंटर बिघडलाय म्हटल्यावर तक्रार नोंदवणं आलं. कारण अण्णा रोज विचारायचे, "नोंदवली?" जावयाने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून प्रिंटर कंपनीला फोन लावला.

"तक्रारीचं स्वरूप?" पलीकडून बाईंनी विचारलं. "कागद अडकतो, शाई संपली, आवाज येतो, की इतर?"

"इतर."

"इतरला आठ दिवस लागतात."

"मग आवाज येतो."

"कसा येतो?"

"येतो आपला. घर्र असा."

"सारखा घर्र, की थांबून थांबून? आमच्याकडे दोन वेगळे रकाने आहेत. काढून दाखवता का?"

जावयाने जिन्यात उभं राहून घर्र केलं. थांबून थांबून केलं. वरून उतरणारे मोठे साहेब दोन पायऱ्या मागे सरकले आणि परत वर गेले.

मेकॅनिक सोमवारी आला. तो यायच्या आत समोरच्या घरातले निवृत्त ओव्हरसियर येऊन बसले होते. जगातल्या प्रत्येक बिघाडाचं मूळ अर्थिंगमध्ये आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. पंखा हळू फिरला तरी अर्थिंग आणि सून उलटून बोलली तरी अर्थिंग. "मी खाली मीटरच्या खोलीत जाऊन बघतो," असं म्हणून ते पक्कड घेऊन गेलेसुद्धा.

मेकॅनिकने कॉम्प्युटरला हातही लावला नाही. प्रिंटरचीच दोन बटणं एकदम दाबली. प्रिंटरने एक सुंदर पान बाहेर काढलं. रेघा कशा, रंग कसे, दृष्ट लागावी असं पान.

"आवाज कुठे येतो?" मेकॅनिकने विचारलं.

"आज नाही येत," जावई म्हणाला.

मेकॅनिकने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, पिशवी उचलली आणि तो लिफ्टमध्ये शिरला. त्याच क्षणी खाली ओव्हरसियरनी फ्यूज ओढला. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधोमध थांबली. बिल्डिंगमधली सगळी माणसं जिन्यात गोळा झाली. आत मेकॅनिक मोबाइलच्या उजेडात शांतपणे फॉर्म भरत होता. माणूस कामाचा पक्का.

"साहेब, तुमची सही राहिली," त्याने जाळीतून तीन प्रती बाहेर सरकवल्या. "वाचून दाखवू? नियम आहे." आणि त्याने लिफ्टच्या पोकळीत घुमेल अशा आवाजात वाचलं, "प्रिंटर उत्तम. दोष ग्राहकाकडे."

पहिल्या पायरीवर अण्णा उभे होते. जावयाला ती पायरी टाळून दुसरीकडे कुठे बघावं ते सुचेना.

"ग्राहकाकडे म्हणजे," तो गुडघ्यावर बसून तिसऱ्या प्रतीवर सही करत म्हणाला, "म्हणजे आपल्या वायरिंगमध्ये."

"मी काय सांगत होतो?" तळमजल्यावरून ओव्हरसियर ओरडले. "अर्थिंग!"

अण्णांनी मान डोलावली. त्यांना पटलं. तेच जावयाला सगळ्यांत जास्त लागलं.

मंगळवारी आणि बुधवारी ओव्हरसियरनी अर्थिंगसाठी बिल्डिंगच्या मागे खड्डा खणवला, त्यात पाण्याची लाइन फुटली, आणि दोन दिवस सगळी बिल्डिंग जावयाच्या नावाने बादल्या भरत होती. त्या पाण्याबद्दल जावयाला काहीच वाटलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर शुक्रवार होता. बुधवारी ऑफिस सुटताना त्याने चोरून आपल्या प्रोग्रामचा छपाईचा भाग ऑफिसच्या प्रिंटरवर मोठ्या अक्षरांत छापून घेतला. कोश कागदावर येत नव्हता तो नव्हता. निदान चूक तरी कागदावर शोधू, असं त्याला वाटलं.

गुरुवारी सकाळी त्याने ऑफिसला दांडी मारली आणि हे कागद काखेत मारून तो काकांच्या घरी गेला. मिळणार नाही एवढंच सांगायचं आणि पाय धरायचे, असं त्याने जिना चढताना ठरवलं होतं. दार उघडं होतं. काका खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते. टेबलावर भिंग होतं आणि टोक काढलेल्या तीन लाल पेन्सिली ओळीने ठेवल्या होत्या.

"आणलंस?" त्यांनी हात पुढे केला. जावयाच्या तोंडून शब्द फुटायच्या आत काखेतले कागद त्यांनी ओढून घेतले होते.

"काका, हे ते नाही. हा प्रोग्रामचा आतला मजकूर आहे. यातलं काही कळणार नाही तुम्हाला."

"कळायचं कशाला? मी अडतीस वर्षं न कळता वाचलंय. कायद्याची पुस्तकं वाचली, औषधांची वाचली." काकांनी भिंग लावलं. आठवडाभर ते कामाला आसुसलेले होते. कंस आणि टिंबं ओलांडत पेन्सिल हळूहळू खाली सरकली आणि चौथ्या ओळीवर थांबली. एक लाल गोल झाला. पाचव्या ओळीवर दुसरा, सहावीवर तिसरा.

"लेखक कोण?"

"मीच."

"दिसतंय. 'मुद्रीत' लिहिलंयस. दुसरी वेलांटी. तीनदा."

"नाही काका, तीनदा लिहिलं नाही. एकदाच लिहिलं, मग दोनदा उतरवलं," जावई म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला हळूहळू कळायला लागलं.

"मुद्रित. पहिली वेलांटी." काका भिंग खाली ठेवून म्हणाले. "छापखान्यात माझ्या टेबलावर पाटी होती. मुद्रितशोधक. तू शाळेत झोपा काढल्यास का?"

जावयाचं तोंड एवढंसं झालं. मेन्यूतले बाहेरचे शब्द अण्णांनी तपासून दिले होते, ते शुद्ध होते. आतली यादी कोणी बघत नाही म्हणून त्याने हाताला येईल तशी लिहिली होती. प्रोग्राम बिचारा तीन वर्षं दर वेळी 'मुद्रित' नावाच्या माणसाला हाका मारत होता आणि आत बसलेला 'मुद्रीत' म्हणत होता, मला नाही, दुसऱ्या कोणाला बोलावताहेत. शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला जावयाने ज्याची टर उडवली होती त्या वेलांटीने त्याचे आठ दिवस खाल्ले होते. खरं तर काकांचे खाल्ले होते.

तो धावत घरी आला. तीन वेलांट्या उजवीकडून उचलून डावीकडे ठेवल्या. मेन्यू उघडला. तिन्ही शब्द काळे. अण्णा मागे उभे होते. त्यांनी टाळी वाजवली, आणि ओव्हरसियर समोरच्या दारातून ओरडले, "लागलं ना अर्थिंग?" खाली खड्ड्यापाशी माणसांनी ओव्हरसियरशी हात मिळवले. जावईसुद्धा गेला आणि त्याने हात मिळवला. यापेक्षा खाली माणूस किती जाणार?

एकशे बारा पानं दुपारी तीन वाजता काकांच्या टेबलावर पोचली. उजेड जाईपर्यंत काकांनी अठ्ठेचाळीस वाचली. चौसष्ट पानं राहिली, आणि जावयाने मनातल्या मनात ती वाया घालवलेल्या दिवसांत वाटून पाहिली. रोजची आठ. रोज सकाळी चहाबरोबर झाली असती.

ऑपरेशनला तीन दिवस झाल्यावर भेटीच्या वेळेत सगळे हॉस्पिटलात गेले. काकांच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्याने महिनाभर वाचायचं नव्हतं. पट्टी सोडल्यावर काय दिसेल ते डॉक्टर अजूनही सांगत नव्हते. काका म्हणाले, "छापखान्यात पद्धत आहे. एकाने मोठ्याने वाचायचं, वेलांट्या-उकारांसकट. दुसऱ्याने ऐकायचं. लेखकाने वाचायचं नाही, तो कागदावरचं न वाचता आठवणीतलं वाचतो. जावईबापूंना बसवा."

असा जावई त्या वॉर्डात रोज चार ते सहा वाचायला लागला. "खिळा. ख ला पहिली वेलांटी, ळ ला काना." बारा खाटांवर बारा पट्ट्या बांधलेली माणसं, करमणूक दुसरी काही नाही. तीही कान देऊन ऐकायची. "पहिली की दुसरी? इकडे ऐकू नाही आलं," असं सात नंबरचे आजोबा विचारायचे. जावई चुकला की तीन-चार आवाज एकदम सुधारायचे. नर्सबाईसुद्धा. आपल्याला मराठी येत नाही हे असं बारा पेशंटांसमोर रोज दोन तास सिद्ध होत होतं, आणि तो मान खाली घालून वाचत होता. हे आपल्याला मिळायलाच हवं, असं त्याला वाटत होतं.

पाचव्या दिवशी शेवटचं पान आलं. अण्णा स्टुलावर बसले होते, बायको खाटेच्या कडेला. पानावर 'आभार' लिहिलेलं होतं. जावयाने ते आधी पाहिलं नव्हतं. त्याने वर नजर टाकली आणि कागद मिटले.

"संपलं, काका."

"एकशे अकरा झाली. मी मोजतोय."

जावयाने पान उघडलं. "हा कोश मी माझ्या जावयाने केलेल्या प्रोग्रामवर लिहिला. ल ला पहिली वेलांटी, ह ला पहिली." त्याने कागद डोळ्यांजवळ धरला. "पुस्तक पूर्ण झाले की तो आपणहून सांगतो. प ला दुसरा उकार. असा प्रोग्राम दुसऱ्या कोणाला साधला नसता. त्यात तीन वर्षांत एकही चूक निघाली नाही." तो थांबला. "काका, इथे चूक आहे."

"कोणती वेलांटी?"

"वेलांट्या बरोबर आहेत. वाक्य खोटं आहे."

काका म्हणाले, "मजकुराला मुद्रितशोधकाने हात लावायचा नसतो. लेखकाला विचारायचं. लेखक बसलाय तिथे."

जावई अण्णांकडे वळला. प्रिंटर कधीच बिघडला नव्हता, वायरिंगही नव्हतं, हे त्याने सांगितलं. पुस्तक पूर्ण झाल्याचं प्रोग्रामला काही कळत नव्हतं. चूक आपल्या हातची होती आणि ती लपवायला आपण आठ दिवस घालवले, नाहीतर काकांनी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं असतं. "मला लाज वाटते, अण्णा," तो म्हणाला. एवढं साधं वाक्य काढायला त्याला तीन वर्षं लागली होती.

अण्णा म्हणाले, "म्हणजे त्या यंत्राने मला काही सांगितलंच नव्हतं? ते चौदा शब्द मी उगीच शोधत बसलो?"

"हो."

"चौदातले दोन बरे आहेत," काका खाटेवरून म्हणाले.

अण्णांनी पान हातात घेतलं, काकांच्या उशाची लाल पेन्सिल उचलली आणि सगळ्या वाक्यांवर पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ मारली. खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. जावयाला ते वाचायचं धैर्य झालं नाही.

"हे पान पुन्हा काढावं लागेल," अण्णा म्हणाले. "निघेल ना?"

'हे काय विचारणं झालं, अण्णा, पाच मिनिटांचं काम' हे वाक्य जावयाच्या ओठांवर आलं होतं. बायको बघत होती. पट्टीआडून काका ऐकत होते आणि सात नंबरचे आजोबाही.

"घरी जाऊन बघतो," तो म्हणाला, "आणि मग सांगतो."